‘जुना इन्व्हर्टर बरा होता’ : दापोलीकडच्या एका घराचं सोलर आणि बॅटरीचा हिशेब

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मामांचा फोन आला. आवाज चढलेला. “अरे, पाच किलोवॅटचं सोलर बसवलं, वर लाखाची बॅटरी घेतली. आणि काल रात्री साडेअकराला लाईट गेली तर पंधरा मिनिटांत घर काळोखात! याच्यापेक्षा जुना इन्व्हर्टर बरा होता.”

विजेच्या कामात माझी पंधराएक वर्षं गेली आहेत. “जुनं बरं होतं” हे वाक्य मी रागाच्या खात्यात टाकून पुढे जातो. इथे मात्र ते शब्दशः खरं निघालं. जुनं खरंच बरं चालत होतं, आणि ते का, हे शोधताना या घराचं सगळं दुखणं उलगडत गेलं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून दोनेक किलोमीटर आत. कौलारू, मागे नारळ-सुपारीची वाडी, विहिरीवर एक हॉर्सपॉवरचा पंप, आणि अलीकडे पर्यटकांसाठी काढलेल्या दोन खोल्या. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा दापोली-मंडणगडलाही जबर तडाखा बसला. खांब आडवे झाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वर्षभरात, मे २०२१मध्ये, तौक्ते येऊन गेलं. तेव्हापासून मामांच्या डोक्यात एकच : परत अंधारात बसायचं नाही.

पुढे प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली आणि त्यांनी हात मोकळा सोडला. छपरावर ५५० वॅटची सहा पॅनेलं, म्हणजे ३.३ किलोवॅट. पाच किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे लाईन, पॅनेलं आणि बॅटरी तिन्हींवर घर चालवणारा. लिथियम आयर्न फॉस्फेटची एक बॅटरी, ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर. महावितरणचं नेट मीटर, आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज दोन्ही मोजणारं. योजनेतून ७८,००० रुपयांचं अनुदान मिळालं. तीन किलोवॅट आणि त्यापुढे कितीही बसवलं तरी अनुदान तेवढंच. बॅटरीला त्यात काही मिळत नाही, ती पदरची.

आता गंमत बघा. इन्व्हर्टर पाचचा. बॅटरीचे ५१.२ गुणिले १०० केले की येतात ५,१२० वॅट-तास, म्हणजे तीही पाचचीच. दोन्हीकडे पाच, त्यामुळे घरात सगळ्यांनी एकच पाच धरला होता. बसवून देणाऱ्यानेही “पाच किलोवॅटचा सेट” एवढंच सांगितलं होतं. छपरावर ३.३च आहे हे मामांना बिल काढून दाखवावं लागलं.

किलोवॅट आणि युनिट यांतला फरक मी मामींना पंगतीवरून सांगितला. एका वेळी किती पानं मांडता येतील ते किलोवॅट. पातेल्यात भात किती शिजलाय ते युनिट, म्हणजे किलोवॅट-तास. मांडव पन्नास पानांचा असला म्हणून भात रात्रभर पुरतो असं नाही, आणि भाताचं पातेलं मोठं असलं म्हणून मांडवात शंभर पानं बसत नाहीत. मामी म्हणाली, “आणि वाढपी किती, ते कोण विचारणार?” तो तिसरा प्रश्न तिने सहज विचारला. पुढे सगळं त्याच्यावरच अडलेलं निघालं.

शनिवारी पोहोचलो. आधी काही उघडलं नाही, मोबाईलवरच्या ॲपमध्ये त्या रात्रीचा आलेख काढला. दिवसभर ढग होते, त्यामुळे संध्याकाळी सहाला बॅटरी ८५ टक्के. तिथून रेघ सरळ खाली. सहा ते साडेअकरा लाईन होती, तरी घर बॅटरीवर चाललं होतं. पंखे, दिवे, टीव्ही, फ्रिज, वर भाच्याच्या शाळेच्या गणवेशाची इस्त्री. साडेपाच तासांत सुमारे तीन युनिटं गेली. लाईट गेली तेव्हा बॅटरीत २१ टक्के उरले होते आणि २० टक्क्यांवर ती बंद होईल असं सेटिंग होतं. म्हणजे मामांच्या अंधाराविरुद्धच्या तयारीत, प्रत्यक्ष अंधार पडला त्या घडीला, एक टक्का शिल्लक होता.

हे का झालं? इन्व्हर्टरला ‘सेल्फ यूज’वर ठेवलं होतं. त्यात सूर्य मावळला की लाईन असो-नसो, आधी बॅटरी रिकामी करायची. लाईनवरून कमी वीज घ्यायची म्हणून हा प्रकार असतो. पण या घराला नेट मीटर आहे. दुपारी जास्तीची वीज बाहेर जाते ती युनिटं बिलात वळती होतात. तीच वीज बॅटरीत घालून रात्री काढली तर भरताना-काढताना दहाएक टक्के वाटेत गळते. रोज बॅटरी झिजवायची, थोडी वीज घालवायची, आणि मोबदल्यात काय, तर ॲपवर ‘ग्रिड शून्य’ असा हिरवा आकडा. मामांना तो फार आवडायचा, हे कबूल करतो.

आता जुना इन्व्हर्टर. त्याच्या मागे १५० अँपिअर-अवरच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या होत्या. कागदावर १२ गुणिले १५० गुणिले २, म्हणजे ३.६ युनिटं. तीही वीस तासांत सावकाश काढली तर. शिसं-आम्लाची बॅटरी पार तळापर्यंत उतरवली की लवकर मरते, म्हणून वापरायची साठ टक्क्यांपर्यंत. इन्व्हर्टरमधली घट धरली की हातात येणार पावणेदोन-दोन युनिटं. आताच्या बॅटरीच्या निम्मीच. पण तिच्यावर तीन पंखे नि तीन ट्यूबलाईट, एवढंच जोडलेलं होतं, सगळे मिळून तीनशे वॅटच्या आत. आणि लाईट जाईपर्यंत तिला कुणी हात लावत नव्हतं, त्यामुळे ती सदा भरलेली. सहा तास आरामात काढायची. लहान पातेलं, पण झाकून ठेवलेलं.

पहिली दुरुस्ती त्यामुळे फुकटात झाली. ‘बॅकअप रिझर्व्ह’ पावसाळ्यापुरता ९० टक्के केला : लाईन असेपर्यंत बॅटरीने ९०च्या खाली जायचं नाही. दिवाळीनंतर तो ५०वर आणायचा, मामांना हिरवा आकडा थोडा वेळ तरी दिसावा म्हणून.

मामींची तक्रार वेगळी होती. “दुपारी लाईट नसली तरी पंप चालतो, शेगडी चालते. रात्री चहा ठेवला की घर बंद.” शेगडी म्हणजे इंडक्शन, २,००० वॅटची. पंपाचं तेच. दिवसा सुरू होतो, संध्याकाळी बटण दाबलं की इन्व्हर्टर लाल दिवा दाखवून झोपतो. वायरमनने एमसीबी बदलून बघितला होता. बसवून देणाऱ्याने फोनवर “ओव्हरलोड आहे, मोठा इन्व्हर्टर घ्या” सांगितलं होतं. हा सल्ला पाळला असता तर पन्नास-साठ हजार गेले असते आणि तरी चहा झाला नसता.

बॅटरीचं लेबल भिंतीकडे तोंड करून होतं. मोबाईल मागे सरकवून फोटो काढला. त्यावर बारीक अक्षरांत : सलग डिस्चार्ज ५० अँपिअर, काही सेकंदांपुरता १०० अँपिअर. ५१.२ गुणिले ५० म्हणजे २,५६० वॅट. झालं! इन्व्हर्टर पाच किलोवॅट देऊ शकतो, पण रात्री त्याला देणारी एकटी बॅटरी, आणि तिची मर्यादा अडीच किलोवॅट. मांडव पन्नास पानांचा, वाढपी पंचवीस पानांपुरते.

ही मर्यादा बॅटरीच्या आतलं मॅनेजमेंट सर्किट लावतं. त्याला सगळे बीएमएस म्हणतात. पेशी तापू नयेत म्हणून ते प्रवाह तोडतं, आणि ते बरोबरच करतं. काही बॅटऱ्या त्याच आकारात १०० अँपिअर सलग देतात, काही ५०च देतात. दोन्हींवर ‘५.१२ किलोवॅट-तास’ असंच छापलेलं असतं आणि दुकानदार भाव त्या आकड्यावर सांगतो. खरेदीच्या वेळी मला कुणी एकच प्रश्न विचारू दिला तर मी हा विचारेन : सलग किती अँपिअर?

म्हणजे या घराची मर्यादा एक नव्हतीच, ती घड्याळाबरोबर आणि आभाळाबरोबर बदलत होती. दुपारी लाईन नाही आणि ऊन आहे : पॅनेलांचे अडीच-पावणेतीन किलोवॅट, वर बॅटरीचे अडीच, मिळून इन्व्हर्टरचे पूर्ण पाच. आषाढातली दुपार : पॅनेलांकडून चारशे वॅट आले तर आले, म्हणजे तीनच्या आत. रात्र : अडीच, आणि त्यातून इन्व्हर्टरमधली घट वजा. शेगडीचे २,०००, चार पंख्यांचे ३००, फ्रिजचे १२०, त्यात कुणी मिक्सर फिरवला की संपलं.

(३.३ किलोवॅटच्या पॅनेलांतून भर दुपारीही ३.३ का येत नाहीत, हे मामांनी दोनदा विचारलं. तो आकडा प्रयोगशाळेतला, पॅनेल २५ अंशांवर असतानाचा. आपल्या छपरावर ते साठीला पोहोचतं आणि तापमान वाढेल तशी दर अंशामागे थोडी थोडी वीज कमी होते. खारी धूळ वेगळीच. हे नुकसान सगळ्यांनाच असतं, त्यात फसवणूक नाही.)

पंपाला जरा जास्त वेळ दिला, कारण वाडीच्या घरात पाणी नाही तर काहीच नाही. क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती धरून प्रवाह मोजणारा, तो लावला. चालू असताना ६.८ अँपिअर, म्हणजे साधारण १,१०० वॅट आणि वर पॉवर फॅक्टरचा भार, म्हणजे काम न करता नुसता ये-जा करणारा थोडा प्रवाह. पण सुरू होतानाचा झटका ३८ अँपिअर! मोटर थांबलेली असताना तिला फिरवायला पाच-सहा पट प्रवाह लागतो, तो अर्ध्या-एका सेकंदाचा असतो. इन्व्हर्टर तेवढा झटका सोसतो, त्याच्या पुस्तिकेत दुप्पट भाराची काही सेकंदांची मुभा दिलेली असते. पण त्या सेकंदात बॅटरीकडून शंभर अँपिअरच्या वर मागणी जाते आणि बीएमएस दार लावून घेतं. दिवसा त्या मागणीतला मोठा वाटा पॅनेलं उचलतात, म्हणून पंप दुपारी शहाण्यासारखा सुरू होतो. दोष पंपाचा नाही, इन्व्हर्टरचाही नाही.

पंपाचा कपॅसिटर, म्हणजे मोटर फिरायला मदत करणारा भाग, फुगलेला होता, तो बदलला. झटका तेवढाच राहिला, पण लवकर ओसरू लागला. रात्रीचं ट्रिप होणं त्याने थांबलं नाही, कमी मात्र झालं.

मग कागद घेऊन बसलो. बॅटरी किती मोठी हवी याचं उत्तर दुकानात मिळत नाही, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा घरात काय चालतं त्यात असतं. चार पंखे, कुणी चार तास तर कुणी रात्रभर, मिळून २८ पंखा-तास. जुना पंखा ७५ वॅटचा, म्हणजे २.१ युनिटं. फ्रिज ०.६. दिवे, पडवीतल्या रात्रभरच्या बल्बसकट, ०.६. टीव्ही ०.२७. वायफाय आणि कॅमेरा ०.२४. मिक्सर, मोबाईल वगैरे ०.१५. आणि एक खर्च जो कुणीच धरत नाही : इन्व्हर्टर स्वतः. तो जागा राहायलाच पन्नास वॅट खातो, रात्रीचे ०.६. बेरीज साडेचारच्या थोडी वर.

बॅटरीची बाजू : ५.१२पैकी वापरायचे ८० टक्के, म्हणजे ४.१. इन्व्हर्टरमधून बाहेर पडेपर्यंत ३.८. पाऊण युनिट कमी पडतं.

इथे दोन वाटा. दुसरी बॅटरी घ्या, लाखाच्या आसपास. किंवा साडेचार खाली आणा. मी दुसऱ्या वाटेकडे बोट दाखवलं. त्यामागे काटकसर होतीच, पण एक साधा हिशेबही होता. चार पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे केले, प्रत्येकी ३० वॅटचे. २.१चे ०.८४ झाले. एका झटक्यात सव्वा युनिट वाचलं आणि रात्रीची बेरीज ३.३वर आली. चार पंख्यांची किंमत बॅटरीच्या किमतीपुढे किरकोळ, आणि ते लाईनवरही तेवढीच वीज वाचवतात.

पाण्यासाठी आणखी एक टाकी चढवली, हजार लिटरची. हजार लिटर भरायला पंप पंचवीस मिनिटं चालतो, म्हणजे अर्धं युनिटही नाही. हे काम अकरा ते दोनच्या दरम्यान करायचं, ऊन असताना. रात्री पंप लावायचा प्रसंगच येऊ नये एवढं पाणी वर असलं की बीएमएसशी भांडण मिटतं. वीज साठवायला लाख रुपये, पाणी साठवायला काही हजार. मामा हसले, “म्हणजे टाकीच बॅटरी.” तेच.

गिझर आणि इस्त्रीचा प्लग बॅकअपवरून काढून सरळ लाईनवर टाकले. वायरमनचं अर्ध्या दिवसाचं काम. लाईट गेली की गिझर बंद. पाहुण्यांनी कुरकुर केली तर बंब आहे. शेगडी मामींनी स्वतःहून गॅसवर नेली, “मला ते इंडक्शन तसंही आवडत नव्हतं.”

शेजारच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण गोंधळ तिथूनही येत होता. त्यांच्याकडे नुसतं ऑन-ग्रिड आहे, बॅटरी नाही. लख्ख ऊन असूनही लाईन गेली की त्यांचं सोलर बंद पडतं. त्यांना वाटतं यंत्र बिघडलंय. तसं नाही. लाईन मेलेली असताना घरातून वीज बाहेर गेली तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवाशी खेळ होईल, म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम थांबतो. मामांचा हायब्रिड घराला लाईनपासून तोडून वेगळं चालवतो, पैसे त्याचेच दिले आहेत.

मामांचा शेवटचा प्रश्न निसर्गाचा होता. “तसं परत झालं तर? पंधरा दिवस?” त्यावर मी गोड बोललो नाही. ॲपमध्ये जानेवारीच्या एका दिवसाची १३ युनिटं दिसतात आणि जुलैच्या मुसळधार दिवसाची साडेतीन. घराला चोवीस तासांना, काटकसरीनंतरही, सहाच्या आसपास लागतात. रोज अडीच तोटा असेल तर दुसरी बॅटरी दीड रात्र पुढे ढकलेल, त्यानंतर दोन्ही सारख्याच रिकाम्या. पावसाच्या लांबलचक झडीत बॅटरीचा आकार तोकडा पडतो, कारण भरणारं कुणी नसतं. तिथे पॅनेलं वाढवावीत किंवा फ्रिज बंद करावा. वादळ सरल्यावर मात्र आकाश उघडतं, तेव्हा छपरावर पॅनेलं जागेवर असली की झालं. ती जागेवर राहावीत म्हणून त्यांच्या सांगाड्याचे बोल्ट दर मे महिन्यात आवळायचे. आणि इन्व्हर्टरच्या जाळीत पाली शिरतात का बघायचं. कोकणात पालीने जाळलेले बोर्ड मी आकाशातल्या विजेने जाळलेल्यांइतकेच पाहिलेत.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात परीक्षा झाली. शनिवारी दुपारी चारला तारेवर आंब्याची फांदी पडली, लाईट रविवारी रात्री अकराला आली. एकतीस तास. सुरुवातीला बॅटरी ९६ टक्के. रविवारी सकाळी सहाला २८. दिवसभर पाऊस कोसळत होता, पॅनेलांनी ३.४ युनिटं दिली. त्यातून घरही चाललं, टाकीही भरली, आणि संध्याकाळी बॅटरी ४१वर गेली. मग मामींनी टीव्ही बंद केला, रिकाम्या खोल्यांचे पंखे बंद केले, भार १८० वॅटवर आणला. अकराला लाईट आली तेव्हा २२ टक्के होते.

सोमवारी सकाळी मामांनी फोन करून तो २२चा आकडा असा सांगितला, जणू नातवाचे मार्क सांगतायत. मग हळूच म्हणाले, “पाहुण्यांच्या खोलीत एक एसी बसवावा म्हणतो. एक टनाचा. चालेल ना यावर?”

मी लिहून पाठवलं : आठ तासांच्या दमट रात्रीला एक टनाचा एसी चारपाच युनिटं घेईल. लाईट नसली तर तुमची अख्खी बॅटरी एका पाहुण्याच्या झोपेला, आणि तुम्ही पडवीत. दुसरी बॅटरी समांतर जोडली तर अँपिअरही दुप्पट होतील, रात्री पंपही उठेल. तेव्हा ती घेण्यात अर्थ आहे, त्याआधी नाही.

मामांचं उत्तर आलं नाही. मामींचं आलं : “पाहुण्यांना खिडक्या उघडून देईन.”